गावचं मैदान टिकवायचं कसं? आदिलाबादच्या क्रीडा प्रांगणांसाठी नोंद, माती, पाणी आणि वेळापत्रकाची माहिती

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावात आज 'तेलंगणा क्रीडा प्रांगणम' असा फलक दिसतो. काही गावांत त्या फलकामागं संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं लागतं, पोरं घामाघूम होतात. काही गावांत मात्र फलक आहे, दोन लोखंडी बार आहेत आणि बाकी कमरेएवढं गवत. जागा तेवढीच, योजना तीच, तरी एक मैदान जगलं आणि दुसरं मेलं. दोन्हींत फरक पडतो तो मैदान झाल्यानंतर त्याची देखभाल कोण करतं यानं.

पैनगंगेच्या अलीकडं बेला, जैनथ, भीमपूर, तामसी या मंडलांत आणि महाराष्ट्रात पांढरकवडा, किनवट या भागांत प्रश्न सारखाच आहे. कायदे वेगळे, पण काळी माती तीच, पाऊस तोच आणि मोकळ्या जागेवर डोळा ठेवणारेही तसेच. म्हणून ही माहिती दोन्ही बाजूंच्या गावांसाठी एकत्र दिली आहे.

योजना काय होती

तेलंगणा सरकारनं २ जून २०२२ रोजी, राज्य स्थापनेच्या दिवशी, गावोगावी क्रीडा प्रांगणं उघडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून पल्ले प्रगती कार्यक्रमाचा पाचवा टप्पा सुरू झाला, त्यातही हे काम होतं. प्रत्येक गावाला साधारण एक एकर, जिथं तेवढी जमीन नाही तिथं अर्ध्या एकरापर्यंत जागा, असं ठरलं. व्हॉलीबॉल, कबड्डी आणि खो-खोची मैदानं, लांब उडीचा खड्डा, व्यायामाचे बार आणि कडेनं झाडं, असा साधा आराखडा होता. सपाटीकरण आणि खड्ड्यांचं काम बहुतेक रोजगार हमीच्या मजुरीतून झालं.

इथंच एक कच्चा दुवा राहिला. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवायचं असतं. त्यामुळं खोदाई आणि झाडं लावणं सोपं गेलं, पण मुरूम, पाण्याचा निचरा आणि कुंपण यांना हात आखडता घेतला गेला. पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये सरपंचांची मुदत संपली आणि ग्रामपंचायतींचा कारभार विशेष अधिकाऱ्यांकडं गेला. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत गावात मैदानाबद्दल विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता. आता नवे सरपंच आणि वॉर्ड सदस्य आहेत. मैदानाचा विषय पुन्हा हाती घ्यायला ही वेळ बरी आहे.

आधी जमीन: नोंद आणि हद्द

मैदानाचं पहिलं काम फावड्याचं नाही, कागदाचं आहे. गावाला हे तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत: सर्व्हे नंबर कोणता, क्षेत्र किती गुंठे आणि महसूल नोंदीत ही जमीन कुणाच्या नावावर आहे? अनेक प्रांगणं गायरान किंवा सरकारी पडीक जमिनीवर झाली. फलक लागला म्हणजे नोंद झाली असं नसतं.

तेलंगणात जमिनीच्या नोंदी ऑक्टोबर २०२० पासून धरणी पोर्टलवर होत्या. एप्रिल २०२५ पासून त्या जागी भू भारती आलं. पंचायत सेक्रेटरीनं तहसीलदारांकडं लेखी अर्ज करून दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. एक, हा सर्व्हे नंबर सरकारी जमीन म्हणून दिसतो का. दोन, नोंदणी कायद्याच्या कलम २२-अ खालच्या प्रतिबंधित यादीत तो आहे का. या यादीत असलेल्या जमिनीची खरेदी-विक्री सब-रजिस्ट्रारकडं नोंदवता येत नाही. मैदानासाठी कुणी खासगी जमीन दिली असेल तर तोंडी दान पुरत नाही. ग्रामपंचायतीच्या नावानं नोंदणीकृत बक्षीसपत्र हवं. देणारा माणूस शब्दाचा पक्का असतो, पण त्याच्या माघारी वारस वेगळा विचार करतात, हा अनुभव गावाला नवा नाही.

हद्द मोजून घ्यायची तर मीसेवा केंद्रातून मोजणीचा अर्ज करता येतो. 'एफ-लाइन' म्हणतात तो हाच. मंडल सर्व्हेअर येऊन खुणा दाखवतो. त्या दिवशी शेजारचे शेतकरी हजर ठेवावेत, पंचनाम्यावर सह्या घ्याव्यात आणि चारही कोपऱ्यांवर दगड लगेच पुरावेत. दगडांच्या आतून चर काढली तर हद्दही कळते आणि पाणीही जातं.

आदिलाबादमध्ये आणखी एक बाब आहे, ती म्हणजे जंगल. बरीच गावं वनजमिनीला खेटून आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची तरतूद आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर अशी १३ कामं त्यात मोजून दिली आहेत. त्या यादीत खेळाचं मैदान नाही. म्हणून 'जंगलाची पडीक जागा आहे, करू मैदान' असं म्हणून पुढं गेलं तर मेहनत वाया जाऊ शकते. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या मंडलांत १९९६ च्या पेसा कायद्यामुळं ग्रामसभेचं म्हणणं जास्त वजनाचं असतं. तिथं मैदानाचा ठराव ग्रामसभेतूनच निघालेला बरा.

महाराष्ट्राच्या बाजूला जमीन महसूल संहितेचं कलम २२ कामाचं आहे. गावाच्या सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ मध्ये आहे. दोन्ही राज्यांना लागू असलेला आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्याव्यात, असं न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं. महाराष्ट्रानं त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी गायरानाबद्दल शासन निर्णय काढला. तहसीलदारांना अर्ज देताना या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

कर्जात गेलेलं मैदान आणि परत आलेलं मैदान

सार्वजनिक मैदान हातचं कसं जातं आणि परत कसं येतं, याचं जुनं उदाहरण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचं आहे. गोल्फ हा आपल्याकडं श्रीमंतांचा, क्लबवाल्यांचा खेळ समजला जातो. पण जगात सगळ्यात नावाजलेलं गोल्फचं मैदान हे मुळात एका गावचं गायरान होतं.

समुद्रकाठच्या त्या वाळूच्या, गवताळ जमिनीवर लोक गुरं-मेंढरं चारायचे, कपडे वाळवायचे आणि खेळायचे. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपनं सशांसाठी जागा वापरण्याची परवानगी घेतली, पण गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क त्याच दस्तात मान्य केला. पुढं १७९७ मध्ये नगर कौन्सिल कर्जात बुडालं आणि जमीन विकली गेली. ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती पडली. सशांनी मैदान पोखरलं, गावकरी सशांना मारू लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि हे भांडण वीसेक वर्षं चाललं. १८२१ मध्ये शेजारच्या एका गोल्फप्रेमी जमीनदारानं जागा विकत घेतली तेव्हा मैदान वाचलं. शेवटी १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं गावानं स्वतःची जमीन परत विकत घेतली. आज १९७४ च्या कायद्यानं नेमलेला विश्वस्त मंडळाचा कारभार आहे. जगभरातून लोक तिथं पैसे मोजून खेळायला येतात, खेळण्याच्या बऱ्याच वेळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात आणि गावच्या रहिवाशांना कमी दरात वर्षाचा पास मिळतो.

गावचा हक्क दस्तात लिहिलेला होता, म्हणून दोनशे-अडीचशे वर्षांनी भांडायला आधार मिळाला, हे त्यातून घेण्यासारखं आहे. आपल्या गावात तो दस्त म्हणजे ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा आणि महसूल नोंद. या तिन्हींच्या प्रती पंचायतीच्या कपाटात एक, शाळेत एक आणि युवक मंडळाकडं एक अशा ठेवाव्यात.

महाराष्ट्रात सिडकोनं नवी मुंबईत खारघरला गोल्फचं मैदान केलं आहे, तिथं ठरलेली फी भरून खेळता येतं. १८ होलांच्या पूर्ण मैदानाला शंभर-दीडशे एकर लागतात, तेव्हा आदिलाबादच्या गावांत तसलं काही होणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण जमीन, गवत आणि झीज यांचा अभ्यास गोल्फच्या मैदानवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्यांच्या काही साध्या सवयी एक एकराच्या मैदानालाही लागू पडतात. त्या पुढं दिल्या आहेत.

एका एकरात काय बसतं

एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. जागा चौकोनी असेल तर एक बाजू साधारण ६३ मीटर भरते. खेळांची मापं अशी:

व्हॉलीबॉल: १८ × ९ मीटर. सगळीकडून किमान ३ मीटर मोकळं सोडलं तर २४ × १५, म्हणजे ३६० चौरस मीटर. जाळ्याची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर.

कबड्डी: पुरुषांसाठी १३ × १० मीटर, महिलांसाठी १२ × ८ मीटर. बाजूनं ४ मीटर सोडले तर साधारण ३८० चौरस मीटर.

खो-खो: २७ × १६ मीटर. बाजूनं दीड मीटर धरून ५७० चौरस मीटर.

लांब उडी: धावण्याची पट्टी ४० मीटर, पुढं वाळूचा खड्डा किमान २.७५ मीटर रुंद. मोकळी जागा धरून साधारण १५० चौरस मीटर.

सगळं मिळून १,४५० ते १,५०० चौरस मीटर होतात. म्हणजे एक एकरातली निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहते. ही मोकळी जागा वाया गेली असं समजू नये. लहान पोरांचं क्रिकेट, म्हाताऱ्यांचं फिरणं, पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांचं धावणं हे सगळं तिथंच होतं. चौकोनी एकराच्या कडेनं एक चक्कर साधारण २५० मीटर भरते, चार चकरांत एक किलोमीटर. कडेला ही पट्टी नीट ठेवली की पहाटे पाचलाच मैदान जागं होतं.

मैदान आखताना लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे संध्याकाळचा सूर्य कोणत्याच संघाच्या डोळ्यावर येत नाही. झाडं पश्चिमेला आणि दक्षिणेला लावावीत. कडुलिंब, करंज चांगले, पण खेळाच्या रेषेपासून चार मीटर लांब. बाभूळ नको, कारण अनवाणी खेळणाऱ्या पोरांना काट्याची भीती बसली की ती परत येत नाहीत.

काळी माती आणि पावसाचं पाणी

पैनगंगेकाठच्या गावांतली माती काळी, कापसाची. पावसात फुगते, चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत पाय अडकून घोटा मुरगळतो. नुसतं ट्रॅक्टरनं सपाट केलेलं काळं रान हे मैदान होत नाही. उटनूरकडच्या डोंगराळ भागात मुरमाड जमीन आहे, तिथं उलटा प्रश्न येतो: माती कमी आणि दगडगोटे जास्त. तिथं आधी गोटे वेचून घ्यावे लागतात.

जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबर. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी जमा होतं. त्याला वाट दिली नाही तर मैदानाचं तळं होतं आणि दोन महिने खेळ बंद पडतो. उपाय महागडा नाही. मैदान पत्र्यासारखं सपाट न करता मधे थोडं उंच, कडेला उतरतं करावं. शंभराला एक असा उतार पुरतो. मध्यापासून कडेपर्यंत ३० मीटर असतील तर मध्य ३० सेंटिमीटर उंच. कडेनं दीड फूट रुंद चर काढून ती नाल्याला किंवा शोषखड्ड्याला जोडावी.

मुरूम (तेलुगूत मोरम) सगळ्या एकरावर पसरायची गरज नाही. १५ सेंटिमीटर थर पूर्ण एकरावर टाकायचा तर २०० हून जास्त ट्रॉल्या लागतात. फक्त खेळांच्या १,५०० चौरस मीटरवर टाकला तर २२५ घनमीटर, म्हणजे १०० घनफुटी ट्रॉलीच्या साधारण ८० खेपा. दबल्यावर थर बसतो, म्हणून दहा-पंधरा खेपा जास्त धराव्यात. मुरूम एकदम ओतू नये. दोन थरांत टाकावा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवावा. कबड्डीच्या जागी वर दोन-तीन सेंटिमीटर चाळलेली मऊ माती हवी, नाहीतर गुडघे-कोपर सोलून निघतात. मुरूम हे गौण खनिज आहे. तो उचलायला दोन्ही राज्यांत परवानगी लागते, गावच्या कामाला लागला तरी.

एक नियम मात्र न चुकता पाळावा: ओल्या मैदानावर ट्रॅक्टर, बैलगाडी, मोटारसायकल नको. ओल्या काळ्या मातीत एकदा चाकोरी पडली की ती वाळून दगडासारखी होते आणि पुढचा पूर्ण हंगाम तशीच राहते.

झीज वाटून द्यायची

गोल्फच्या हिरवळीवर ज्या भोकात चेंडू घालायचा, ते भोक एकाच जागी ठेवत नाहीत. एक-दोन दिवसांनी जुनं बुजवून दुसरीकडं नवं पाडतात. पहिला फटका मारायची जागाही रोज पुढं-मागं सरकवतात. लोकांचे पाय एकाच ठिकाणी पडू नयेत म्हणून हे केलं जातं. फटक्यानं गवताचा तुकडा उखडला तर तो खेळाडूनंच परत बसवायचा, अशी रीत आहे. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान रविवारी गोल्फसाठी बंद असतं, त्या दिवशी गावकरी तिथं फिरायला येतात.

आपल्या मैदानावर सगळ्यात आधी उखडते ती व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळची आणि कबड्डीच्या मध्यरेषेजवळची जागा. व्हॉलीबॉलचे खांब पक्के सिमेंटमध्ये रोवले तर मैदान हलवता येत नाही. त्याऐवजी जमिनीत लोखंडी नळ्यांचे दोन-तीन जोड बसवून ठेवावेत आणि खांब दर महिन्याला एका जोडातून दुसऱ्यात हलवावेत. नळ्यांवर झाकण हवं. कबड्डीची आखणीही दर पंधरा दिवसांनी दोन-चार मीटर सरकवता येते. खेळून झाल्यावर खेळणाऱ्यांनीच उखडलेली माती फळीनं सारखी करायची आणि मग घरी जायचं. याला पाच मिनिटं लागतात. आठवड्यात एक दिवस खेळांच्या जागेला सुट्टी द्यावी, त्या दिवशी पाणी मारावं. १,५०० चौरस मीटरला दर चौरस मीटरमागं दोन लिटर धरले तर ३,००० लिटर, म्हणजे पंचायतीचा साधारण एक टँकर.

मैदान कुणाचं आणि केव्हा

मैदानावर भांडणं होतात ती बहुतेक वेळेवरून. मोठी पोरं क्रिकेट मांडून बसली की लहान पोरांना आणि मुलींना जागा उरत नाही. कुणीही हाकलत नाही, तरी मुली येणं बंद होतं. म्हणून वेळापत्रक तोंडी न ठेवता फलकावर रंगवावं. पहाटे धावणारे आणि भरतीची तयारी करणारे. शाळेच्या वेळेत शाळा. चार ते साडेपाच मुली आणि लहान मुलं, या वेळेत मोठ्यांचा सामना नाही. साडेपाचनंतर मोठ्यांचे खेळ. महिलांच्या वेळी जाळं २.२४ मीटरवर उतरवायचं, ही जबाबदारी जाळं लावणाऱ्याची. मैदान गावापासून लांब असेल तर जाण्याच्या वाटेवर दिवे आणि जवळ पाण्याची सोय नसेल तोवर मुलींची संख्या वाढत नाही. हे पथदिवे समितीनं आधी पाहावं.

दुसरा संघर्ष शेतीच्या कामांशी. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची मळणी, नंतर तुरीची, मग पऱ्हाट्यांचे ढीग. मोकळी जागा दिसली की खळं तिथंच होतं. गरीब शेतकऱ्याला दुसरी जागा नसते, हेही खरं. नुसती मनाई करून भागत नाही. ग्रामसभेनं मळणीसाठी वेगळी जागा नेमून द्यावी. नसेलच तर मैदानाची एक बाजू, ठरावीक आठवडे, खेळांच्या आखणीबाहेर, आणि जागा साफ करून देण्याच्या बोलीवर द्यावी. दसरा, बतुकम्मा, दंडारी, लग्नाचा मांडव यांनाही हाच नियम: खुंट्या ठोका पण खेळांच्या जागेबाहेर, आणि दुसऱ्या दिवशी खड्डे बुजवा. दारूच्या बाटल्यांचे तुकडे हा अनवाणी खेळणाऱ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. रात्री बसणाऱ्यांचा बंदोबस्त दिव्यानं जितका होतो तितका भाषणानं होत नाही.

पावसाळ्यात विजा हा या भागातला जीवघेणा धोका आहे. ढग गडगडले की खेळ थांबवून पक्क्या इमारतीत जायचं. झाडाखाली किंवा लोखंडी बारजवळ थांबायचं नाही, हे पोरांना शाळेतच शिकवावं.

पैसा आणि माणसं

तेलंगणाच्या २०१८ च्या पंचायत राज कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला स्थायी समित्या दिल्या आहेत: स्वच्छता, पथदिवे, झाडं-हिरवळ आणि कामं. मैदानाला या चारही समित्या लागतात. कायद्यात पंचायतीच्या अंदाजपत्रकातले १० टक्के हिरवळीसाठी ठेवायला सांगितलं आहे आणि लावलेल्या झाडांपैकी किमान ८५ टक्के जगवण्याची जबाबदारी दिली आहे. मैदानाच्या कडेची झाडं त्यातून जगवता येतात. पल्ले प्रगतीत पंचायतीला ट्रॅक्टर, ट्रॉली आणि टँकर मिळाला. सपाटीकरण, मुरूम आणि पाणी ही तीन मोठी कामं त्याच ट्रॅक्टरवर होतात, फक्त डिझेल आणि ड्रायव्हरची सोय लावावी लागते.

तरीही समित्यांवर सोडून चालत नाही. पाच-सात जणांची मैदान समिती नेमावी: शाळेचे व्यायाम शिक्षक, एक महिला बचत गटातून, दोन खेळाडू (त्यात एक मुलगी), एक वॉर्ड सदस्य, एक जाणता शेतकरी. जाळं, चेंडू, चुना आणि फळी यांची चावी एकाकडं आणि त्याचं नाव फलकावर. गावच्या पोरांना मैदान फुकट. बाहेरच्या स्पर्धेला, क्रिकेट टूर्नामेंटला आणि मांडवाला ठरलेली रक्कम आणि वेगळी अनामत. मैदान खराब केलं तर अनामत परत नाही. जमा-खर्च वहीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावा. तेलंगणात ग्रामसभा दोन महिन्यांतून एकदा घ्यायची असते, महाराष्ट्रात वर्षाला किमान चार. पैसा थोडा असला तरी वही उघडी असली की पुढच्या वर्षी वर्गणी मागताना मान खाली घालावी लागत नाही.

वर्षभराचं वेळापत्रक

एप्रिल–मे: शेतं रिकामी, ट्रॅक्टर मोकळे. उतार दुरुस्त करणं, मुरूम टाकणं, चर साफ करणं, भेगा बुजवणं. मोठं काम याच दोन महिन्यांत.

जून: पहिल्या पावसानंतर पाणी कुठं साचतं ते उभं राहून बघणं आणि तिथल्या तिथं खुंटी मारून ठेवणं. झाडं लावणं.

जुलै–सप्टेंबर: दर पंधरा दिवसांनी गवत काढणं. ओल्या मैदानावर वाहन बंद. मैदान भिजलं असेल तर कडेच्या पट्टीवर फक्त धावणं.

ऑक्टोबर: पाऊस ओसरला की रोलर, आखणी, लोखंडी बारला रंग, उडीच्या खड्ड्यात नवी वाळू. दसऱ्याच्या आधी मैदान तयार.

नोव्हेंबर–फेब्रुवारी: स्पर्धांचा हंगाम. आठवड्याला पाणी, महिन्याला खांब हलवणं. खळ्याच्या जागेवर लक्ष.

मार्च: हद्दीचे दगड जागेवर आहेत का ते मोजून बघणं. वर्षाचा हिशोब आणि पुढच्या कामांचा ठराव.

यातलं कोणतंच काम गावाच्या आवाक्याबाहेर नाही. सगळं एका वर्षात होणारही नाही. पहिल्या वर्षी नोंद, हद्द आणि चर एवढंच झालं तरी मैदान गावाच्या हातात राहतं. दुसऱ्या वर्षी मुरूम आणि आखणी. येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न लेखी विचारावा: क्रीडा प्रांगणाचा सर्व्हे नंबर किती, क्षेत्र किती आणि मोजणीचा नकाशा कुठं आहे? उत्तर मिळालं तर ते इतिवृत्तात लिहून घ्यावं. नाही मिळालं तर मोजणीचा अर्ज करण्याचा ठराव त्याच बैठकीत घ्यावा.